मॅक्रोचे कूळ खतावणीचे

मॅक्रो हा शब्द प्रोग्रॅमरांचा. असेम्ब्ली भाषेत वारंवार लागणाऱ्या सूचना एका नावाखाली बांधून ठेवायच्या, त्याला १९५०च्या दशकापासून हे नाव आहे. पण एका वर्कबुकातले आकडे उचलून दुसऱ्यात भरणारा मॅक्रो ज्या कामासाठी कचेऱ्यांत रुजला, ते काम आपल्या पेढ्यांवर संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. ते म्हणजे खतावणी. रोजकीर्दीतली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची, कोणत्या पानावर नेली त्याची खूण कीर्दीत करायची आणि शेवटी ताळा पाहायचा. मॅक्रोने यातली हाताची हालचाल तेवढी घेतली, ताळा मागेच राहिला. आणि ही उणीव जन्मजात आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा १९८३च्या लोटस १-२-३मध्ये सापडतो. त्यात मॅक्रो म्हणजे रकान्यात अक्षरे म्हणून लिहून ठेवलेल्या कळा. तिरकी रेघ, मग एफ, सी, सी : फाइल, कम्बाइन, कॉपी. दुसऱ्या फाइलमधला मजकूर कर्सरपाशी येऊन बसे. काय आणले, किती आणले, हे त्या कळांना ठाऊक नसे. पुढे एक्सेलने हालचाली टिपणारा रेकॉर्डर दिला, १९९३च्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा आली, पण स्वभाव तोच राहिला. नोएडा-गुरुग्रामच्या कचेऱ्यांत ‘एमआयएस’ म्हणजे व्यवस्थापनाचे अहवाल सांभाळणारी मंडळी शाखांच्या फाइली मास्टर फाइलमध्ये ओततात, तेव्हा शेवटची ओळ शोधायला जुन्या मॅक्रोत ‘ए ६५५३६’ हा पत्ता असतो. एक्सेल २००७च्या आधी पान तिथेच संपत असे. आता ते १०,४८,५७६ ओळींचे आहे. ए स्तंभात सलग नोंदी ६५,५३६च्या पुढे गेल्या की तिथून वर निघालेला मॅक्रो थेट मथळ्यावर जाऊन थांबतो आणि नवा माल दुसऱ्या ओळीपासून जुन्यावर चढवतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

हा दोष लिहिणाऱ्याचा, साधनाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. नीट लिहिलेला मॅक्रो ताळा पाहू शकतो, हे मान्यच आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि दिल्लीत मुख्यालय असलेल्या जीएसटी नेटवर्कने ‘जीएसटीआर-३बी’ या कर-विवरणासाठी मॅक्रोवाली एक्सेल फाइल दिली. तिच्यात आकडे भरून आधी ‘व्हॅलिडेट’ दाबायचे, मगच पोर्टलवर चढवायची जेसन फाइल करायची. पण ते बटण कोणीतरी विचारपूर्वक घातले म्हणून आहे. रेकॉर्डर ते आपणहून देत नाही. शिवाय ते रकाने तपासते. हिशेबाच्या वहीतून आणलेली रक्कमच अपुरी असेल, तर ते त्याला कळत नाही.

आता एक्सेलमध्येच फाइली जोडणारी पॉवर क्वेरी आली, मॅक्रो कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती स्तंभ नावाने ओळखते, हा खरा फायदा. तरीही एखाद्या शाखेची फाइल फोल्डरमध्ये पडलीच नाही, तर तीही उरलेल्या फाइली मुकाट्याने जोडते. म्हणून ताळा आपणच घालायचा: किती शाखांच्या फाइली हव्यात तो आकडा आधी लिहून ठेवायचा, आणायच्या ओळींची संख्या व रकमेची बेरीज मूळ फाइलीत घ्यायची, चिकटवलेल्या भागात पुन्हा घ्यायची, आणि मेळ बसला नाही तर मास्टर सेव्ह न करता तिथेच थांबायचे.