लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो? आधी स्टार्टअपची यादी बघा

मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, आज शेवटची तारीख, आणि बटण दाबून दहा मिनिटं झाली तरी ब्राउझर उघडत नाही. अशा वेळी पालक आम्हाला विचारतात, "सर, नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?" बहुतेक वेळा लागत नाही.

विंडोज सुरू झाली की आपण न सांगता काही प्रोग्राम आपोआप उघडतात. यांनाच स्टार्टअप प्रोग्राम म्हणतात. इन्स्टॉल करताना आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, तेव्हाच ते या यादीत नाव लावून घेतात. समोर दिसत नाहीत, घड्याळाशेजारच्या बारीक बाणामागे लपून असतात, पण रॅम खातात. १६ जीबी रॅम असेल तर जाणवत नाही. ४ जीबीत मात्र विंडोजचंच कसंबसं भागतं, त्यात हे पाहुणे!

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. विंडोज १० मध्ये 'स्टार्टअप' आणि ११ मध्ये 'स्टार्टअप ॲप्स' इथे सगळी यादी मिळेल. नावासमोर 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेला असतो. 'हाय' असेल तर तो प्रोग्राम सुरुवातीलाच प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतो, किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त काम करतो. नको त्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. विंडोज ७ असेल तर विंडोज आणि आर दाबून एमएसकॉन्फिग टाईप करा, तिथे 'स्टार्टअप' आहे.

घाबरू नका, डिसेबल केल्याने प्रोग्राम डिलीट होत नाही. हवा तेव्हा उघडता येतो. गाण्यांचं ॲप, गेमचं लाँचर, मीटिंगचं ॲप खुशाल बंद करा. पण अँटीव्हायरस, टचपॅड, साउंड आणि मराठी-उर्दू टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते राहू द्या. वनड्राइव्हचं जरा जपून: घरचे फोटो त्यात जात असतील, तर ते बंद केल्यावर उघडेपर्यंत नवे फोटो वर जाणार नाहीत. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका, आधी इंटरनेटवर शोधा.

मग रीस्टार्ट करा. काही प्रोग्राम अपडेट झाल्यावर पुन्हा यादीत घुसतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एक नजर टाकावी.