सभा, नगरत्तार आणि नगरसेवक

तंजावरच्या मराठ्यांच्या मागावर निघालेला माणूस कधी ना कधी तिरुविडैमरुदूरला पोचतोच. १७९८ मध्ये इंग्रजांनी अमरसिंगाला गादीवरून उतरवून सरफोजीला बसवले, तेव्हा अमरसिंग कुंभकोणमजवळच्या या गावी येऊन राहिला. मीही त्याच ओढीने इकडे वळलो. पण महालिंगस्वामींच्या देवळातल्या एका शिलालेखाने मला राजेलोकांपासून दूर नेले.

लेख दहाव्या शतकातला, चोळांच्या काळचा. ठराव करणारे पक्ष तीन: शेजारच्या तिरैमूर गावाची सभा, इथले नगरत्तार म्हणजे व्यापारी पेठेची मंडळी, आणि देवळाचे कारभारी. ही सगळी मंडळी एकत्र बसली ती ‘नाटकशाळे’त. (पेशवाईतला या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाने क्षणभर बाजूला ठेवावा, इथे खरोखरच नाटकाचे दालन आहे.) विषय काय, तर सात अंकांचे आरियक्कूत्तु करणाऱ्या नटाला जमीन लावून देणे. एका नटाच्या बिदागीसाठी तीन संस्थांनी एका छपराखाली बसावे, ही गोष्ट मला अमरसिंगाच्या वाड्यापेक्षा मोठी वाटते.

अशा सभेत माणूस शिरत कसा असे? याचे सर्वांत तपशीलवार उत्तर इथून बरेच उत्तरेला, कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरच्या भिंतींवर कोरलेले आहे. पहिल्या परांतकाच्या राज्यातले, ९१९ आणि ९२१ सालचे हे दोन लेख. गावाचे ३० कुडुंबु, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्ड. उमेदवाराकडे पाव वेलीहून जास्त सारा भरणारी जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवे, वय ३५ ते ७० हवे आणि वेदाध्ययन हवे. गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेला चालणार नाही. चिठ्ठ्या मडक्यात घालायच्या, ते मडके एका वृद्ध पुजाऱ्याने सगळ्या सभेला दिसेल असे उंच धरायचे, आणि काही न कळणाऱ्या लहान मुलाने चिठ्ठी काढायची. चिठ्ठी घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून ती उघड्या तळव्यावर घ्यायची. यातून ३० जण निघत: १२ वार्षिक समितीवर, १२ बागांच्या आणि ६ तळ्याच्या. मुदत ३६० दिवस.

याला निवडणूक म्हणावे की सोडत, यावर वाद घालता येतो. आपल्याकडे पालिकांच्या वॉर्डांचे आरक्षण ठरवताना आजही शाळकरी मुलांकडून चिठ्ठ्या काढून घेतात, तेव्हा ही युक्ती परकी वाटू नये. मला त्या लेखातला अपात्रतेचा भाग जास्त बोलका वाटतो. पूर्वी समितीवर बसून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद. तो एकटाच नव्हे: त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, सासरा, मेव्हणे, भाचे, जावई, बाप, मुलगा सगळे बाद. ज्याने हे कलम लिहवले त्याला गावचे राजकारण आतून ठाऊक होते. नातेवाइकाच्या नावाने खुर्ची चालवण्याची कला हजार वर्षांपूर्वीही अवगत असणार, नाहीतर एवढी नाती मोजत बसण्याची गरज काय?

‘प्राचीन भारतीय लोकशाही’ म्हणून या लेखाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच भिंतीवरचे बाकीचेही वाचावे. ते ब्राह्मणांचे गाव होते. बायका, कुळे, मजूर यांचे नाव त्या मडक्यात पडणे शक्यच नव्हते.

आपल्या मराठी राज्यात इथे वेगळीच रचना दिसते: वर सुभेदार, आणि हैदर अलीच्या १७८१ च्या स्वारीने मुलूख उजाड झाल्यावर गावांच्या गटांवर नेमलेले पट्टकदार. हिशेब वरच्याला द्यायचा, गावाला नव्हे. कुंभकोणमला नगरपालिका आली ती १८६६ मध्ये, इंग्रजी अमलात.

आज तिरुविडैमरुदूर पेरूराट्चि आहे, म्हणजे नगरपंचायत. सभासदाला तिथे लोक सरळ कौन्सिलर म्हणतात. आपण मराठीत त्याला एकेकाळी ‘नगरपिता’ म्हणत होतो, नंतर ‘नगरसेवक’ केले. बापाचा नोकर झाला, पण गटार तुंबले की शोधतात त्यालाच. तमिळनाडूत मात्र तो काही वर्षे शोधूनही सापडला नसता. २०११ मध्ये निवडलेल्यांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. त्याच महिन्यातल्या निवडणुका मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केल्या. अनुसूचित जमातींच्या आरक्षणात नियम पाळले गेले नव्हते. आक्षेप रास्त होता. पण त्यानंतर वॉर्डरचना आणि आरक्षणाच्या घोळात शहरांची निवडणूक थेट १९ फेब्रुवारी २०२२ ला झाली. मधली पाच वर्षे कारभार ‘तनि अलुवलर’ या विशेष अधिकाऱ्याकडे, आणि त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढवलेली. मुंबई-पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्या महापालिकांवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसले आणि वर्षे उलटत गेली.

अधिकारी कदाचित दिवे लवकर लावत असेल. पण त्याला पुन्हा आपल्याच आळीत राहायचे नसते, आणि हिशेब न दिल्याबद्दल त्याच्या मेव्हण्याला कोणी बाद करत नाही.

२०२२ च्या त्या निवडणुकीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. शेजारचे कुंभकोणम तेव्हा नुकतेच महापालिका झाले होते. तिथल्या सभासदांनी पहिला महापौर निवडला तो एक रिक्षाचालक. उत्तरमेरूरच्या नियमाने त्याची चिठ्ठी मडक्यापर्यंत पोचली असती असे वाटत नाही.

आसपासच्या खेड्यांची निवडणूक वेगळी, डिसेंबर २०१९ मध्ये झालेली. तंजावर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतींची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि तिथे पुन्हा विशेष अधिकारी आले. म्हणजे देवळाच्या रथवीथीत राहणाऱ्याला जाब विचारायला कौन्सिलर आहे, आणि शिवेपलीकडच्या शेतकऱ्याला कालवा गाळाने भरला तर अर्ज घेऊन कचेरीत जायचे आहे.