जुना कंपायलर पुसू नका

जीसीसी बांधायला आधी कंपायलर लागतो, आणि तो बहुतेक वेळा जीसीसीच असतो. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. मशीनवरचा जुना जीसीसी नव्याला बांधतो, तो नवा स्वतःला पुन्हा बांधतो, मग तिसऱ्यांदा बांधतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा निकाल जुळला तरच काम पक्कं. बहुतेकांना हे कधी दिसतच नाही, कारण उबुंटूसारख्या सिस्टीम तयार डबा पाठवतात. जेंटू शिधा पाठवते. कोड उतरवून घ्या, घरी शिजवा. तिचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज म्हणजे पाककृतींची वही आणि आचारी, दोन्ही.

शिधा जुना आणि चूल नवी असली की भांडण सुरू होतं. ते भांडण जेंटूच्या जन्माइतकं जुनं आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ साली आणला. दहा वर्षांनी त्याच्या संथ कारभाराला कंटाळून काही जण ईजीसीएस नावाने वेगळे झाले. एप्रिल १९९९मध्ये ही फुटलेली शाखाच अधिकृत जीसीसी ठरली आणि जुलैत तिची २.९५ ही आवृत्ती आली. फुटून निघालेल्यांनी मूळ घराचा ताबा घ्यावा, असं आपल्याकडे राजकारणात होतं. इथे ते भल्यासाठी झालं. त्याच सुमारास डॅनियल रॉबिन्स 'इनॉक' नावाची लिनक्स सिस्टीम बांधत होते. ईजीसीएसने बांधलेले प्रोग्रॅम जास्त वेगाने चालतात हे दिसल्यावर त्यांनी एका चपळ पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव घेतलं: जेंटू. पुढे फ्रीबीएसडीची 'पोर्ट्स' पद्धत पाहून पोर्टेजला आकार आला, आणि ३१ मार्च २००२ रोजी जेंटू १.० निघाली. (आम्हा गडचिरोलीकरांसाठी एक गंमत: अठराव्या शतकातले इंग्रज तेलुगू भाषेला 'जेंटू' म्हणत. त्या हिशेबाने सिरोंच्याच्या बाजारात आजही जेंटू ऐकू येते.)

मधल्या काळात एक तमाशा झाला. २००० साली रेड हॅटने आपल्या सातव्या आवृत्तीत जीसीसी '२.९६' दिला. जीसीसीवाल्यांनी अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तो अर्धवट शिजलेला कोड होता. ऑक्टोबरमध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीला तसं जाहीर करावं लागलं. कर्नल बांधायला त्याच सिस्टीममध्ये 'केजीसीसी' नावाचा वेगळा, जुना कंपायलर ठेवला होता. मला यात घाईच जास्त दिसते. पण एका मशीनवर दोन कंपायलर नांदवावे लागतात, हे तेव्हा सगळ्यांना उघड दिसलं.

नांदवावे का लागतात? वेगवेगळ्या वेळी बांधलेल्या दोन तुकड्यांना एकमेकांचं बोलणं कळायला हवं. नावं कशी लिहायची, मजकूर मेमरीत कसा मांडायचा, याचा करार असतो. त्याला एबीआय म्हणतात. सी++च्या बाबतीत हा करार ऑगस्ट २००२मध्ये ३.२ने बदलला, एप्रिल २००४मध्ये ३.४ने पुन्हा. तयार डबा खाणाऱ्यांना फरक पडला नाही. जेंटूवाल्यांनी अख्खी सिस्टीम नव्याने बांधली.

मग दहा-अकरा वर्षं शांतता. एप्रिल २०१५मध्ये जीसीसी ५ आला. तोवर एका स्ट्रिंगची प्रत काढली की खरी प्रत निघत नसे. एकाच सातबाऱ्यावर दोन भावांची नावं, एकाने वाटणी मागितली की मगच फेरफार, तसा तो व्यवहार होता. सी++११च्या प्रमाणाने ही पद्धत बंद केली. त्यामुळे स्ट्रिंगची मांडणी बदलली, पण लायब्ररीच्या फाइलचं नाव तेच राहिलं आणि आत जुनी-नवी दोन्ही मांडणी ठेवली गेली. जुने प्रोग्रॅम चालत राहिले. नवं काही बांधायला जा, की जुन्या लायब्ररीशी जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स'.

मी तेव्हा चंद्रपुरात इंजिनिअरिंगला होतो आणि अहेरीत काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातला ३२ बिटचा पीसी जेंटूवर चालत होता. जीसीसी ५ तिथे पोचला आणि पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम बांधला जाईना. उपाय सरळ, पण लांब. 'जीसीसी-कॉन्फिग'ने कोणता कंपायलर निवडला आहे ते बघायचं. मग 'रेव्हडेप-रीबिल्ड'ला सांगायचं की या लायब्ररीवर उभं असलेलं सगळं पुन्हा बांध. तोवर जुना जीसीसी पुसायचा नाही. पोर्टेज वेगवेगळ्या 'स्लॉट'मध्ये दोन्ही ठेवतो. मात्र मधेच घाबरून जुन्याकडे परतायचंही नाही. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमना सांभाळते, जुनी लायब्ररी नव्यांना ओळखत नाही.

त्या पीसीवर हे काम म्हणजे काही रात्री. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र महाराष्ट्राला वीज पुरवतं, आणि अहेरीत पाऊस आला की अंधार. काका विचारत, "बापू, लाईन गेली तं पुन्हा सुरूपासून का गा?" पूर्ण नाही. 'रिझ्यूम' म्हटलं की झालेली पॅकेजं सोडून देतो. अर्धवट राहिलेलं तेवढं पहिल्यापासून. जीसीसी अर्धवट राहिला तर मात्र ती रात्र गेली.

अलीकडचा तडाखा सी भाषेला बसला. न सांगता फंक्शन वापरण्याची मुभा सीच्या प्रमाणाने १९९९मध्येच काढली होती. जीसीसी पंचवीस वर्षं नुसता कुरकुरत राहिला आणि मे २०२४मध्ये चौदाव्या आवृत्तीत त्याने ती चूक ठरवली. हजारो ओळींचे जुने प्रोग्रॅम एका रात्रीत बांधले जाईनासे झाले. जेंटूची मंडळी त्याआधीपासून एकेक पॅकेज तपासून मूळ लेखकांना दुरुस्त्या पाठवत होती. ज्यांचे लेखक कधीच निघून गेले, त्यांचं काय? दुकानातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यातलाच. त्या एका पॅकेजच्या नावापुढे सेटिंगमध्ये '-एफपरमिसिव्ह' अशी सवलत लिहिली आहे. बाकी सगळं चौदाने बांधलेलं आहे, आणि तेरा अजून स्लॉटमध्ये आहे.