मालिकेतली बाई अशी का वागते?

मालिका बघणाऱ्या बायकांविषयी दोन गोष्टी सर्रास बोलल्या जातात. एक, त्यांना दुसरं काम नसतं. दुसरी, दाखवाल ते त्या खरं मानतात. पहिलीला उत्तर देत बसण्याइतका रिकामा वेळ माझ्याकडे नाही. दुसरी मात्र साफ चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे दाखवणारा चाळीस वर्षांचा इतिहास आपल्याजवळ आहे. तो कुणी लिहून ठेवला नाही, कारण तो बहुतेक दुपारी, तांदूळ निवडता निवडता घडला.

सुरुवात ‘हमलोग’पासून करावी लागते. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर ती सुरू झाली. त्यामागची कल्पना वसंत साठे यांची, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या खासदारांची. ते माहिती आणि प्रसारण मंत्री होते. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजन, साक्षरता असले विषय घराघरांत पोचवले जात होते, तसं इथेही करावं असं त्यांना वाटलं. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं. पहिल्या काही भागांत उपदेश इतका होता की लोक कंटाळले, तक्रारी आल्या, आणि कुटुंबनियोजन मागे सारून गोष्ट पुढे आणावी लागली. म्हणजे पहिल्या मालिकेचं लेखनच मुळी प्रेक्षकांनी दुरुस्त करून घेतलं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. लोकांनी चार लाखांच्या आसपास पत्रं लिहिली. दादीला कर्करोग झाल्यावर तिचं मरण प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुढे ढकललं गेलं.

मी तेव्हा नागपूरला मावशीकडे राहून शिकत होते. त्या घरात वाद व्हायचा तो भागवंतीवरून. नवरा दारू पिणारा, सासूचा जाच, आणि ही तोंडातून शब्द न काढणारी. लेखकाचा हेतू असा, की तिला बघून बायकांनी म्हणावं, असं जगू नये. झालं भलतंच. तिला आदर्श पत्नी मानणाऱ्याही पुष्कळ निघाल्या. पुढे अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलं. माझ्या मावशीचं म्हणणं मात्र दोन्हींपेक्षा वेगळं होतं. “ती गप्प बसते ते समजलं,” ती म्हणायची, “पण गप्प बसून मनात काय म्हणते, ते एकदा तरी दाखवा ना. मी नाही का गप्प बसत? माझ्या मनात काय काय चालू असते!” एवढी नेमकी टीका मी नंतर छापील परीक्षणातही फार कमी वाचली.

(आणि हे आपल्याच देशातलं खूळ नव्हे, बरं का. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबण विकणाऱ्या कंपन्यांनी दिवसा घरी असणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या गोष्टी सुरू केल्या. म्हणून इंग्रजीत त्यांना अजून साबणाच्याच नावाने ओळखतात. इर्ना फिलिप्स नावाच्या बाईने त्यातल्या कितीतरी लिहिल्या. तिची ‘गायडिंग लाइट’ १९३७ ला रेडिओवर सुरू झाली आणि टीव्हीवर २००९ पर्यंत चालली. बहात्तर वर्षं! आपल्या मालिका लांबतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

लग्न होऊन मी छोट्या लाईनच्या गाडीने बालाघाटला आले. वैनगंगेच्या काठचं हे गाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलं. शेजारचा भंडारा तिकडे गेला. गोंदिया चाळीसेक किलोमीटरवर, पण दुसऱ्या राज्यात. आमच्या गल्लीत मराठी, पोवारी, हिंदी तिन्ही चालतात. एकच बाई तीन घरांत तीन भाषा बोलते. टीव्ही मात्र त्या काळी हिंदीच.

१९९४ मध्ये दुपारी ‘शांती’ लागू लागली. मंदिरा बेदी त्यात आईवरच्या अत्याचाराचा जाब मागायला आलेली तरुणी झाली होती. पुढच्याच वर्षी ‘स्वाभिमान’ आली, तिच्या लेखनात आपल्या मराठी शोभा डे. ‘शांती’ रोज दाखवायची, तीही दुपारी, हे नवीन होतं. त्याआधी आठवड्यातून एक-दोनदा भेटणारी माणसं आता रोज घरी येऊ लागली, आणि रोज येणाऱ्याकडे आपण बारकाईनेच बघतो. इकडे महाराष्ट्रात सह्याद्रीवर ‘दामिनी’ गाजली. आमच्यापर्यंत तिची कीर्ती गोंदियाच्या नणंदांच्या पत्रांतून पोचायची.

खरी शाळा झाली ती वीज जाण्याने. मध्य प्रदेशात त्या काळी वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसे. २००३ ची निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच मुद्द्यांवर लढली गेली, हे तुम्हाला आठवत असेल. ऐन प्रसंगात पडदा काळा व्हायचा. मग आम्ही अंगणात बसून पुढचं स्वतःच ठरवायचो. एक म्हणे ती खरं सांगून टाकेल, दुसरी म्हणे ती नाही सांगणार, तिचा स्वभाव तसा नाही. “काऊन नाही सांगणार? मागच्या महिन्यात नव्हतं का सांगितलं?” असे दाखले निघत. दुसऱ्या दिवशी वीज असलेल्या मोहल्ल्यातून खरी हकिगत कळे. पुष्कळदा आमचं जुळवलेलं अधिक पटण्यासारखं असे. पात्राचा स्वभाव एकदा बांधला की त्याने त्या स्वभावातूनच वागलं पाहिजे, बदललं तर बदलायला कारण पाहिजे, हा नियम आम्हाला कुणी शिकवला नव्हता. अंधारात बसून आपोआप कळला.

प्रेक्षकांचं सगळंच बरोबर असतं असं मात्र मी म्हणणार नाही. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० च्या जुलैत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिच्यातला मिहीर मारला गेला. देशभर हलकल्लोळ झाला, वाहिनीवर फोन आणि पत्रांचा मारा झाला, आणि मिहीर परत आला. आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते. मला तो दिवस मालिकांच्या लेखनातला वाईट दिवस वाटतो. तुलसी त्या धक्क्याने कशी बदलते हे बघण्याची एक संधी आली होती, ती आपण बायकांनीच ओरडून घालवली. शिवाय लेखकांना कळलं की मेलेलं माणूस परत आणलं तरी चालतं. त्यानंतर कोण कोण परत आलं, किती चेहरे बदलून आलं, याची मोजदाद सोडा.

मराठी वाहिन्या केबलवर दिसू लागल्या तेव्हा आमच्याकडे सणासारखं वाटलं. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून नवे नियम आले आणि पाहिजे ती वाहिनी निवडून तिचे पैसे भरायची पाळी आली. महाराष्ट्रात कदाचित मराठी वाहिन्या ठेवाव्यात की नाही हा प्रश्नच आला नसेल. आमच्याकडे केबलवाला दारात वही घेऊन उभा, “मराठी चाहिए क्या?” घरातल्या पुरुषांनी क्रिकेट आधी लिहून घेतलं होतं. मराठी मी लिहून घेतली.

त्या वेळी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ जोरात होती. राधिका नागपूरकडची, म्हणजे आमच्याच पट्ट्यातली म्हणायची. अनिता दाते यांनी ती जीव ओतून केली. पण “करून राहिली, येऊन राहिली” एवढ्याने आमची बोली होत नाही. आमच्या जाऊबाई दोन वाक्यांत सांगायच्या, “हे नागपूरचं सोंग होय. आपण चिडलो का सूर असा नाही चढत.” मला वेगळीच गोष्ट खुपायची. मालिकेत विदर्भाची बोली भोळ्या बाईला देतात, आणि तिला फसवणारे, शहाणे लोक पुण्या-मुंबईचं बोलतात. आपल्या भाषेला असा स्वभाव चिकटवलेला मला सहन होत नाही.

मग राधिकाने मसाल्याचा धंदा काढला आणि बघता बघता तिची कंपनी तीनशे कोटींची झाली. त्यावर महाराष्ट्रभर हसू झालं. आमच्याकडे हसू कमी आणि हिशेब जास्त झाला. आमच्या गल्लीतल्या चार-सहा जणी उन्हाळ्यात पापड, वड्या, मसाला करून विकतात. त्यांनी विचारलं, मिरच्या कोणत्या भावाने घेतल्या? कांडायला बाया किती? उधारी किती बुडाली? पावसाळ्यात माल कुठे ठेवला? हे दाखवलं असतं तर आम्ही डोळे लावून बघितलं असतं. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये. तिथून पुढे वाढायला किती वर्षं आणि किती हात लागले, त्या गोष्टीत काय कमी नाट्य आहे? लेखकाला बाई मोठी झालेली दाखवायची होती. ती मोठी कशी होते, हे त्याने गाळलं.

आता येते अरुंधती, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तरच लिहायला हवं. ‘आई कुठे काय करते’ २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली. मूळ गोष्ट बंगालीतली, ‘श्रीमयी’, लीना गंगोपाध्याय यांची. तीच २०२० च्या जुलैत हिंदीत ‘अनुपमा’ होऊन आली. पंचवीस वर्षं संसार करणाऱ्या बाईला नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी नातं असल्याचं कळतं आणि ती हळूहळू उभी राहते, असा गाभा. माझी सून जबलपूरची, ती ‘अनुपमा’ बघणार. मी अरुंधती बघणार. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळी साडेसातला शेजारणी पोळ्या लाटत असताना आम्ही दोघी मोकळ्या. त्यांच्यासाठी मग दुसऱ्या दिवशी दुपारचं पुन्हा दाखवणं होतंच.

एकच बाई दोन भाषांत रोज बघायला मिळणं हा आमच्या सीमेवरच्या घरांचा फायदा. अरुंधती गाते, अनुपमा नाचते. एक देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्यात, दुसरी अहमदाबादच्या शाहांकडे. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती रागावली की आवाज खाली उतरायचा. अनुपमा रागावली की लांब भाषण करायची. सून म्हणायची, “मम्मीजी, आपकी वाली कुछ बोलती ही नहीं।” मी म्हणायचे, तुझी बोलते फार, पण बोलल्यावर तिच्यात काय बदललं ते सांग. असं दोघी भांडत भांडत आम्ही एका गोष्टीवर मात्र एक झालो. घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, आशुतोषसारखा समजूतदार माणूस मिळाला, तरी अरुंधती ‘समृद्धी’त कुणाला शिंक आली की धावत हजर. अनुपमाचंही तेच. मग ती घर सोडून गेली म्हणजे नेमकं काय झालं?

यावर आमच्याकडे दोन तट पडले. काही म्हणत, मुलं तिथे, म्हातारे अप्पा तिथे, बाई तोडून कशी टाकेल? हे मला पटतं. पंचवीस वर्षं एका दिवसात धुऊन जात नाहीत. पण मग ती ओढ आणि नवं आयुष्य यांचं भांडण तिच्या आत दिसायला हवं होतं. तिथे दिसायचं ते कर्तव्य, आणि वर सगळ्यांनी हात जोडून तिला मोठं म्हणणं. आमच्या एका काकूंनी फार साधी खूण सांगितली. “ही दुसऱ्यांना वाढताना दिसते, डबे भरताना दिसते. स्वतःला आवडतं म्हणून काही करून खाताना दाखवली का कधी?” त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. काकूंची तक्रार खोडून काढता येईल असा प्रसंग मला सापडला नाही.

मार्च २०२४ मध्ये अपघातात आशुतोषला मारलं. प्रेक्षक संतापले, आणि या वेळी तो संताप मिहीरच्या वेळचा नव्हता. त्याला परत आणा अशी ही मागणी नव्हती. प्रश्न होता, का मारलं? गोष्टीला त्याची काय गरज होती? त्याच महिन्यात मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि ३० नोव्हेंबरला संपली. हिंदीतही त्याच वर्षी मोठी कालउडी घेऊन अनुजला गोष्टीतून काढलं. सुनेने तेव्हा जे म्हटलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: “सुखी औरत का क्या करें, इन्हें लिखना ही नहीं आता।” अरुंधती रडेपर्यंत त्यांना तिची गोष्ट सांगता येत होती. ती सुखात बसली की एकीकडे तिला दुसऱ्याच्या घरी धावायला लावायचं नाहीतर कुंकू पुसायचं, एवढंच उरलं. पन्नाशीतल्या बाईच्या सुखात रोज काय घडतं, हे आम्ही त्यांना फुकट सांगितलं असतं.

सांगायचं कुणाला, हा प्रश्न आहेच. १९८४ मध्ये निदान पत्रं जात, आणि ती वाचलीही जात. आता मालिका राहायची की जायची हे टीआरपीवर ठरतं. काही निवडक घरांतल्या टीव्हीला मोजणीचं यंत्र लावतात. कुणी काय बघितलं एवढं ते सांगतं, का बघितलं हे सांगत नाही. काकूंची तक्रार त्या यंत्रात शिरत नाही. चिडून बघणारी आणि आवडीने बघणारी त्याला सारखीच. आणि मराठी वाहिन्यांचा हिशेब होतो तो महाराष्ट्र आणि गोवा एवढ्या बाजारपेठेचा. वैनगंगेच्या या बाजूला पैसे भरून मराठी मागून घेतलेली आमची घरं त्यात धरलेलीच नाहीत.

तरी दुपारी दीडला ‘मुरांबा’ लागते तेव्हा शेजारच्या काकू आपली शेंगांची सूपली घेऊन आमच्याकडे येतात. परवा नायिकेने काहीतरी ऐकलं, गैरसमज करून घेतला आणि विचारपूस न करता निघून गेली. काकूंनी शेंग फोडली, दाणा सूपात टाकला आणि म्हणाल्या, “मागच्या वेळी हिने विचारलं होतं. आता काऊन नाही विचारत?”