नर्मदेचं लोकगीत रॉक अल्बममध्ये पोचलं कसं? 'कंदिसा'ची गोष्ट

नर्मदा म्हटलं की आपल्याला आठवते परिक्रमा, नाहीतर जगन्नाथ कुंटेंचं 'नर्मदे हर हर'. पण याच नदीचं एक लोकगीत गिटार आणि ड्रम्सवर गाजलं. गाण्याचं नाव 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदाच.

हे गाणं आहे दिल्लीच्या इंडियन ओशन बँडच्या 'कंदिसा' या अल्बममधलं. अल्बम आला २००० साली, गाणी फक्त सात. आता दिल्लीकरांना हे गाणं सापडलं कुठं?

तर बँडचा बास गिटारवाला राहुल राम. गडी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आलेला. नव्वदीच्या सुरुवातीला तो नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. खोऱ्यात गायलं जाणारं हे गाणं त्याच्यासोबत बँडमध्ये आलं.

त्या खोऱ्यात आपल्या महाराष्ट्राचीही ३३ गावं होती, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. सरदार सरोवराच्या पाण्याची पहिली झळ बसलेल्यांपैकी एक मणिबेली. अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. गाण्यात घोषणा एकही नाही, नुसतं नदीचं गुणगान. पण हा संदर्भ कळल्यावर ते वेगळंच ऐकू येतं.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे ढोबळमानानं ध्रुवपद-कडव्याच्या चौकटीत न बसणारं, लांबलचक, ताल बदलत जाणारं रॉक. 'कंदिसा' त्याच्या जवळ जातो, पण इलेक्ट्रिक गिटारचा गोंगाट नाही. सुश्मित सेनची अकूस्टिक गिटार, अमित किलमचे ड्रम्स, आणि असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत गाणार! वारणानगरच्या बालवाद्यवृंदात देशी वाद्यांचा मेळ ऐकत मोठं झालेल्या मला तरी हे परकं वाटलं नाही.

अल्बमला नाव मिालं ते केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन अरामी प्रार्थनेवरून. 'हिल्ले ले' हे गोरख पांडेंचं भोजपुरी गीत. म्हणजे एकाच अल्बममध्ये नदी, चर्च आणि शेतकऱ्यांचा लढा.

पुढे 'ब्लॅक फ्रायडे'तल्या 'बंदे'नं बँड घराघरांत पोचला. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले, २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडले. बँड अजून वाजवतोय. धरणही पूर्ण झालंय, उंची १३८.६८ मीटर.