सॉफ्टवेअर पॅकेजचे अनिवार्य व ऐच्छिक अवलंबित्व

एखादे सॉफ्टवेअर पॅकेज संगणकावर बसविण्यासाठी किंवा चालविण्यासाठी दुसऱ्या पॅकेजची जी गरज असते, तिला अवलंबित्व असे म्हणतात. ज्या पॅकेजवाचून मूळ प्रोग्रॅम आपले मुख्य कार्य करूच शकत नाही, त्यावरील अवलंबित्व अनिवार्य असते. ज्याच्या अभावी एखादी सोय उणावते, पण मुख्य कार्य अबाधित राहते, त्यावरील अवलंबित्व ऐच्छिक असते. हा भेद ठरविण्याची जबाबदारी पॅकेजची देखभाल करणाऱ्या व्यक्तीवर असते. तिच्या निर्णयावर वापरकर्त्याच्या संगणकात काय उतरते, किती जागा व्यापली जाते आणि तो संगणक कितपत सुरक्षित राहतो, हे अवलंबून असते.

डेबियनमधील श्रेणी

१९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स वितरणात हा भेद धोरण म्हणून लिहून ठेवलेला आहे. त्यातील प्रमुख श्रेणी पुढीलप्रमाणे आहेत.

• डिपेंड्स : पूर्णतः अनिवार्य. हे पॅकेज नसेल तर मूळ पॅकेज वापरण्याजोगे होत नाही.
• रेकमेंड्स : प्रबळ शिफारस. अपवादात्मक परिस्थिती वगळता ही दोन्ही पॅकेजे एकत्र असावीत, अशी अपेक्षा असते.
• सजेस्ट्स : केवळ सूचना. हे पॅकेज न बसविणे पूर्णपणे स्वाभाविक मानले जाते.
• एन्हान्सेस : सजेस्ट्सची उलट दिशा. पूरक पॅकेज स्वतःच आपण कोणाला उपयोगी आहोत, हे सांगते.

यांखेरीज प्री-डिपेंड्स ही अधिक कडक श्रेणी आहे. तीत नमूद केलेले पॅकेज आधी पूर्णपणे बसल्याशिवाय मूळ पॅकेज बसविण्यास प्रारंभच होत नाही.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ५.० या आवृत्तीपासून एपीटी हे साधन रेकमेंड्समधील पॅकेजेही आपोआप बसविते. वापरकर्ता आज्ञेत तसा पर्याय देऊन ती नाकारू शकतो. डिपेंड्सच्या बाबतीत मात्र ही मुभा नाही. ते पॅकेज काढून टाकल्यास त्यावर विसंबलेला प्रोग्रॅमही काढला जातो.

उदाहरण : गिट

गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रोग्रॅमच्या डेबियन पॅकेजमध्ये हा विचार स्पष्ट दिसतो. माहिती संकुचित करणारी झेडलिब ही लायब्ररी आणि पर्ल ही भाषा डिपेंड्समध्ये आहेत. दूरच्या सर्व्हरशी जोडणारा एसएसएच प्रोग्रॅम मात्र रेकमेंड्समध्ये आहे. बहुतेकांना तो लागतो, परंतु केवळ स्वतःच्या संगणकावर काम करणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. गिट-जीयूआय व गिटके ही चित्रमय साधने स्वतंत्र पॅकेजांत असून त्यांचा उल्लेख सजेस्ट्समध्ये येतो. त्यामुळे पडदा नसलेल्या सर्व्हरवर चित्रमय लायब्ररींचा भार पडत नाही.

निर्णयाचे निकष

पहिला निकष तांत्रिक आहे. प्रोग्रॅम एखाद्या सामायिक लायब्ररीशी थेट जोडलेला असेल, तर ती नसताना तो सुरूच होत नाही. अशा ठिकाणी निवडीला वाव नसतो. डेबियनमध्ये अशी अवलंबित्वे एका साधनाद्वारे आपोआप शोधली जातात.

दुसरा निकष वर्तनाचा आहे. पूरक पॅकेज नसल्याचे प्रोग्रॅमला ओळखता येते काय आणि वापरकर्त्याला समजेल असा संदेश तो देतो काय, हे पाहावे लागते. तो मध्येच कोसळत असेल, तर त्या अवलंबित्वाला ऐच्छिक म्हणणे ही वापरकर्त्याची दिशाभूल ठरते.

तिसरा निकष वापरकर्त्यांचा आहे. देवनागरी टंक नसले तरी मजकूर-संपादक चालतो, म्हणून ते त्याचे अनिवार्य अवलंबित्व नव्हे. मराठी वाचकाला मात्र त्यांच्या अभावी अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात. अशा गरजेसाठी डेबियनमध्ये फॉन्ट्स-देवा हे संच-पॅकेज आहे. ज्याला हवे त्याने ते बसवावे. इतरांवर त्याची सक्ती होत नाही.

चौथा निकष भाराचा आहे. अनिवार्य पॅकेज आपली स्वतःची अनिवार्य पॅकेजेही सोबत आणते आणि ही साखळी लांबत जाते. एकाच सोयीसाठी मोठी साखळी लागत असेल, तर ती सोय वेगळ्या पॅकेजमध्ये काढणे हा रूढ उपाय आहे.

चुकीच्या निर्णयाचे परिणाम

अवलंबित्व गरजेपेक्षा सैल ठेवल्यास प्रोग्रॅम ऐन वापराच्या वेळी अडतो. ही चूक लवकर उघडकीस येते. ते गरजेपेक्षा कडक ठेवल्यास तत्काळ काहीच बिघडत नाही, त्यामुळे ही चूक दीर्घकाळ लपून राहते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २०२४ मधील एक्सझेड प्रकरण. एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा घातक कोड घातलेला असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. त्या कोडचे लक्ष्य ओपनएसएसएचचा सर्व्हर हे होते. वास्तविक ओपनएसएसएचला एक्सझेडच्या लायब्ररीची गरज नाही. तथापि आपण सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडीला देता यावी, म्हणून काही वितरणांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती. आणि त्या लायब्ररीला नोंदींच्या संकोचनासाठी एक्सझेडची लायब्ररी अनिवार्य होती. एका लहानशा वर्दीसाठी जोडलेल्या साखळीतून परका कोड थेट सुरक्षा-सेवेत पोहोचला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हा कोड येण्यापूर्वीच तो उघडकीस आला.

त्याच वर्षी आलेल्या सिस्टिमडी २५६ मध्ये अशा लायब्ररी प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हाच उघडण्याची पद्धत आहे. या बदलाचे काम प्रकरण उघड होण्यापूर्वीच सुरू झाले होते. ओपनएसएसएचनेही ९.८ या आवृत्तीत ती लायब्ररी न जोडता वर्दी देण्याची सोय केली. गरजेनुसार लायब्ररी उघडण्याच्या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. असे अवलंबित्व नेहमीच्या स्वयंचलित साधनांना दिसत नाही. म्हणून सिस्टिमडी आपल्या फाइलींत त्याची स्वतंत्र नोंद ठेवते.

अन्य प्रणाली

आरपीएम पद्धतीतही रेकमेंड्स व सजेस्ट्स या श्रेणी उपलब्ध आहेत. आर्च लिनक्समध्ये ऐच्छिक पॅकेजांची यादी कारणासह दाखविली जाते. ती आपोआप बसविली जात नाहीत. जेंटूमध्ये वापरकर्ता प्रोग्रॅम संकलित करण्यापूर्वीच कोणत्या सोयी हव्यात, हे ठरवितो. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये ऐच्छिक म्हणून नोंदविलेले पॅकेज बसू शकले नाही, तरी उर्वरित काम पुढे चालू राहते.

हे सुद्धा पहा

• डेबियन
• लिनक्स
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर