दोन चाकांचा तंटा

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाहीं. तिचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं बसविलेलीं असतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक धांवतें, आंतलें कमी धांवतें, आणि एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. हें सुख तिला लाभलें आहे याचें कारण इतकेंच कीं, गाडी ओढण्याचें काम बैल करतात. चाकें केवळ मागून येतात. ज्या दिवशीं मनुष्यानें बैल सोडला आणि गाडी पुढें नेण्याचें काम चाकांवरच सोंपविलें, त्या दिवशीं त्या दोन चाकांमध्यें तंटा उभा राहिला. तो तंटा कसा मिटला, मिटल्यामुळें दुसरें कोणतें संकट आलें, आणि त्या संकटावर कुलपाचा उपाय कसा निघाला, ही यंत्रविद्येच्या इतिहासांतील एक मनोरंजक कथा आहे. डोंगरांत हिंडावयाची आणि रोज कचेरीलाही न्यावयाची अशी मोटार ज्यांना घ्यावयाची असेल, त्यांच्या तर ती थेट उपयोगाची आहे.

तंट्याचें मूळ भूमितींत आहे. घाटांतल्या एखाद्या मुरडणीवर मोटार अर्धें वर्तुळ फिरून उलट दिशेस तोंड करते. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर तेवढ्या फेऱ्यांत बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें ४.७ मीटर अधिक चालतें. वळण ऐसपैस असो वा अडचणीचें, हा फरक तोच राहतो. तो चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो, वळणाच्या मोठेपणावर नव्हे. दोन्ही चाकें एकाच आंसाला घट्ट खिळलेलीं असतील, तर तो फरक घांसूनच भरून काढावा लागेल. टायर झिजेल, आंस पिळवटेल आणि गाडी वळण्याचें नांव घेणार नाहीं.

पॅरिस येथील कला व हुन्नर यांच्या सरकारी संस्थेंत कार्यशाळेचा प्रमुख असलेल्या ओनेसिफोर पेकर याला याचा उपाय सुचला. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठीं त्यानें १८२८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आंस मधोमध तोडावयाचा, दोन्ही तुकड्यांच्या टोकांस एकेक दंतचक्र बसवावयाचें, आणि त्यांच्यामध्यें लहान दंतचक्रें अशा रीतीनें ठेवावयाचीं कीं, इंजिनानें सर्व जुळणी एकत्र फिरविली तरी दोन तुकड्यांना आपसांत मागेंपुढें होतां यावें. कल्पना उत्तम होती, पण तिला योग्य असें वाहन तेव्हां नव्हतें. सुमारें अर्ध्या शतकानें इंग्लंडांत कोव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ली यास तीच अडचण आली. हा गृहस्थ शिलाईयंत्रें करतां करतां सायकलींकडे वळला होता. शेजारीं बसून दोघांनीं चालवावयाच्या सायकलीवर तो व त्याचा मुलगा निघाले असतां तरुण मुलाचा पाय जोरांत पडला, गाडी बापाच्या बाजूस वळली, आणि थोरले स्टार्ली खाजऱ्या झुडपांत जाऊन पडले, अशी गोष्ट सांगतात. १८७७ सालीं त्यानें आपल्या तीनचाकी सायकलीसाठीं डिफरन्शियल तयार केलें, आणि पुढें मोटारीनें तें जसेंच्या तसें उचललें.

तंटा मिटला, पण मिटविणाऱ्याच्या न्यायांत एक दोष होता. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगाची मोकळीक देतें, मात्र जोर दोघांना समसमान वांटतें. चिखलांत रुतलेल्या गाडीचें एक चाक गरगरतें आणि दुसरें स्वस्थ उभें राहतें, हें पाहून सगळा जोर फिरणाऱ्या चाकाकडे जातो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः जोर दोघांनाही तितकाच मिळतो. फिरणाऱ्या चाकाला फक्त वेग अधिक मिळतो. शेवाळावर असलेलें चाक जेवढा जोर सोसूं शकतें, तेवढाच खडकावरील चाकाला मिळावयाचा. दुबळ्याला झेपेल तेवढेंच सबळानें करावें, असा हा समतेचा कायदा आहे. कोरड्या सडकेवर तो कोणास जाणवत नाहीं. एक चाक हवेंत लटकलें कीं दुसऱ्याचा हक्कही शून्य होतो. चार चाकांना जोर देणारी मोटार घेतली म्हणजे ही चिंता संपली, ही समजूतही चुकीची आहे. अशा मोटारीला पुढें एक व मागें एक अशीं दोन डिफरन्शियलें असतात. पुढचें एक आणि मागचें एक अशीं दोन चाकें निसरड्यावर आलीं, कीं उरलेलीं दोन असून नसल्यासारखीं.

कुलूप म्हणजे हा कायदा तात्पुरता स्थगित करणें. दोन तुकडे पुन्हां एकत्र खिळले, म्हणजे खडकावरचें चाक लागेल तेवढा जोर घेऊं शकतें. मात्र तेवढ्या वेळापुरता वळणाचा जुना तंटा परत येतो. म्हणून कुलूप चांगलें कीं वाईट, हा प्रश्नच नव्हे. तें कधीं लागावें, कधीं सुटावें, आणि हें कोणी ठरवावें, एवढाच प्रश्न. याचीं उत्तरें निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या गरजेंतून निघालीं.

एक गरज चिखलाची नव्हती, शर्यतीची होती. फर्डिनांड पोर्शे यानें आखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यती मोटारी इतक्या बलाढ्य होत्या कीं, वळणांतून बाहेर पडतांना आंतलें हलकें झालेलें चाक नुसतें फिरत राही. १९३५ च्या सुमारास फ्रीडरिक्सहाफेनच्या दंतचक्र-कारखान्यानें त्यांच्यासाठीं स्वतः आवळणारें डिफरन्शियल दिलें. हा कारखाना १९१५ सालीं झेपेलिन विमानांचीं दंतचक्रें करण्यासाठीं निघाला होता. युद्धांत हीच युक्ति जर्मन सैन्याच्या क्यूबेलवागन या फोक्सवागन मोटारीला लाभली. तिच्या फक्त मागच्या चाकांना जोर असे. परंतु हलकें वजन, उंच आंस आणि हें आवळणारें डिफरन्शियल यांच्या बळावर ती रशियाच्या चिखलांत आणि आफ्रिकेच्या वाळूंत चालली. अशा ५०,००० हून अधिक मोटारी निघाल्या.

उलट १९४१ पासून अमेरिकेनें लाखांनीं काढलेल्या विलिस व फोर्ड जीपला असें कांहींच नव्हतें. तिचीं दोन्ही डिफरन्शियलें साधीं होतीं. तिचें वजन सुमारें ११०० किलो. अडकली तर चार शिपाई उतरून ती ढकलीत, आणि तेंच तिचें कुलूप. आजच्या मोटारी तिच्या दीडपट-पावणेदोनपट भारी असतात, हें जीपची आठवण काढून कुलपास नांवें ठेवणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

अमेरिकेंत युद्धकालांत जड लष्करी गाड्यांकरितां थॉर्न्टनचें नो-स्पिन नांवाचें कुलूप वापरांत आलें. पुढें तें डेट्रॉइट लॉकर म्हणून प्रसिद्धीस आलें. त्याचा स्वभाव अगदीं उलटा. तें नेहमीं लागलेलेंच असतें. वळणावर बाहेरचें चाक अधिक धांवूं लागलें म्हणजे त्याचे दांते बाजूस सरकतात आणि तेवढें चाक मोकळें होतें. गाडी तेव्हां एकट्या आंतल्या चाकावर चालते. पायाचा दाब कमी केला कीं दांते पुन्हां बसतात, आणि तेंही मुकाट्यानें नव्हे, खाड्‌कन आवाज करून. लांब मालमोटारीस हें चालतें. आंखूड गाडीस, त्यांतून पावसानें ओल्या झालेल्या वळणावर, हा अचानक धक्का शेपूट बाजूस फेंकण्यास पुरेसा असतो. निष्णात चालकाला त्याची संवय होते. घरांतील चार माणसांनीं आलटून पालटून चालविण्याच्या गाडींत मात्र तें असूं नये.

चांगला तोडगा शेतावर निघाला. विमानांच्या इंजिनांवर काम केलेल्या आल्बर्ट फ्रीडरिक या जर्मन अभियंत्यानें युद्धानंतर शेतीसाठीं युनिमोग हें वाहन आखलें, आणि १९४८ पासून तें विकलें जाऊं लागलें. त्याच्या चाकांमधील अंतर १.२७ मीटर ठेवलें होतें, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी. पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांना हातानें लावावयाचीं कुलपें होतीं. शेतकऱ्यानें ओला तुकडा समोर पाहावा, कुलूप लावावें, पार व्हावें, काढावें. आपल्याकडील ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस हें नवें वाटणार नाहीं. त्यांच्या टांचेखालीं असलेला कुलपाचा दांडा त्याच जातीचा. पाय काढला कीं कुलूप सुटतें, यांत तर विस्मरणालाही जागा ठेवलेली नाहीं.

यानंतर शहरी मोटारीसाठीं मधले मार्ग निघाले. १९५६ सालीं अमेरिकेंतील पॅकर्डनें घर्षणाच्या चकत्यांचें, अर्धवट आवळणारें डिफरन्शियल दिलें. बर्फाच्या रस्त्यावर तें उपयोगी, पण चकत्या झिजतात व तेल विशेष लागतें. १९५८ सालीं व्हर्नन ग्लीसमन यास मळसूत्री दंतचक्रांच्या टॉर्सेनचें पेटंट मिळालें. हें अतिशय शांत व सभ्य यंत्र. दुबळ्या चाकाला जें मिळतें त्याच्या कांहींपट तें सबळाला देतें. परंतु शून्याची कितीही पट केली तरी शून्यच; चाक हवेंत गेलें कीं हेंही हतबल. अमेरिकन सैन्याच्या हमव्हीवर हें यंत्र असल्यामुळें तिच्या चालकांस एक युक्ति शिकवितात : ब्रेक किंचित दाबून धरावयाचा, म्हणजे लटकत्या चाकालाही कांहीं विरोध मिळतो आणि जमिनीवरच्या चाकाला त्याची पट. १९९० च्या दशकापासून हेंच काम विद्युत्-यंत्रणा करूं लागली. फिरणाऱ्या चाकापुरता ब्रेक ती आपण होऊन दाबते. रोजच्या वापरास हें निर्धोक आहे. मात्र लांब चढावर ब्रेक तापतात, आणि इंजिनाचा कांहीं जोर त्या तापण्यांतच जातो.

स्वतः लागणाऱ्या कुलपांत सर्वांत अधिक खप ईटन कंपनीच्या यंत्रिक कुलपाचा झाला. १९७३ सालीं तें जनरल मोटर्सच्या मालवाहू मोटारींना मिळूं लागलें. दोन चाकांच्या वेगांत मिनिटाला सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला, कीं आंतील वजनें बाहेर फेंकलीं जातात, खिट्टी अडकते आणि कुलूप बसतें. गाडीचा वेग ताशीं सुमारें ३० किलोमीटरच्या पुढें असेल, तर दुसरें वजन त्या खिट्टीस अडकूं देत नाहीं. ना बटण, ना तार, ना हवेची नळी. कचेरीच्या रस्त्यावर तें साध्या डिफरन्शियलसारखें वागतें. वळणावर टायर घांसत नाहीं. दोष एकच, पण तो लहान नाहीं. चाक आधीं फिरावें लागतें. मऊ वाळूंत तेवढ्या फिरण्यानें तें बोटभर खालीं गेलेलें असतें, आणि निसरड्या कडेवर तेवढा क्षण पुष्कळ असतो.

हातीं असलेल्या कुलपानें त्या क्षणाची चोरी होत नाहीं, कारण तें अडथळ्याच्या आधींच लावतां येतें. १९७९ च्या मर्सिडीझ जी मोटारीस तें मागणीप्रमाणें मिळे. १९८७ सालीं ऑस्ट्रेलियांतील एआरबी कंपनीनें दाबलेल्या हवेनें लागणारें कुलूप बाजारांत आणलें, आणि जुन्या गाडीसही तें बसवितां येऊं लागलें. २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनला पुढें व मागें दोन्हीकडे कारखान्यांतूनच कुलपें आलीं. परंतु तीं फक्त सर्वांत हळू गियरमालेंत लागत. हें कुलपालाच लावलेलें कुलूप म्हणावयाचें, आणि रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीसाठीं आखणाऱ्यानें दाखविलेलें हें शहाणपण कौतुकास्पद आहे. पुढच्या आंसाचें कुलूप लागलें असतां सुकाणू जड होतें आणि गाडी सरळच जाऊं पाहते. तें चुकून वेगांत लागणें परवडणारें नाहीं.

महाराष्ट्रांत ही निवड आतां दूरची राहिलेली नाहीं. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारला २०१५ पासून मागच्या आंसावर ईटनच्या जातीचें स्वतः लागणारें कुलूप मिळूं लागलें, आणि २०२० च्या नव्या थारमध्येंही तें आलें. पुण्याजवळील आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनें गुरखा गाडीला उलट मार्ग दिला. २०२१ च्या नव्या गुरख्याच्या दोन्ही आंसांना हातानें ओढावयाच्या दांड्यांचीं कुलपें होतीं. एकीनें निर्णय यंत्रावर सोंपविला, दुसरीनें चालकावर.

आठवड्याचे सहा दिवस शहरांत, आणि सातव्या दिवशीं कधींमधीं सह्याद्रींतल्या कच्च्या रस्त्यावर, असा ज्या गाडीचा क्रम आहे व जी घरांतील एकाहून अधिक माणसें चालवितात, तिला मागच्या आंसावर स्वतः लागणारें कुलूपच योग्य. त्यांत विसरण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याची गाडी एकट्याच्याच हातीं आहे, जो ओढे, खडक, नांगरलेलीं रानें नेहमीं ओलांडतो, त्यानें हातचें कुलूप घ्यावें. मात्र चाक गरगरत असतांना तें कधींही लावूं नये, कारण दांते अशाच वेळीं तुटतात. गाडी थांबवावी किंवा अगदीं हळू न्यावी, कुलूप लावावें, समोरच्या फलकावर दिवा लागला कीं निघावें. आणि डांबर लागण्यापूर्वीं कुलूप सोडून, चार हात सरळ चालून, तो दिवा विझल्याची खात्री करून मगच पहिलें वळण घ्यावें.